हात सोडा की, मावशी

बांगड्या भरणारीला तोंड बघायला वेळ नसतो.
समोर पंजा येतो.
साबणाचं पाणी, अंगठा आत,
चार बोटं जुळवून त्यांची कळी करायची
आणि गाठीवरून काच अशी सरकवायची
की बाईला कळायच्या आत मनगटावर.
महाद्वार रोडवर एकतीस वर्षं
मी कोल्हापूरला हातावरून ओळखते.

चपला शिवणारीच्या बोटाला दोऱ्याची खाच.
मास्तरणीच्या नखात खडू.
पण एक सगळ्यांचं सारखं:
दाबला की पंजा पांढरा पडतो,
सोडला की रक्त धावत येतं
शाळा सुटल्यासारखं.

शिरोलीची कांचन सासूबरोबर आली.
सातवा महिना, हिरवा चुडा, माप दोन-चार.
दुकानाच्या तीन पायऱ्या चढली
आणि खांब धरून उभी राहिली.
"दमलो बघा," म्हणाली, हसली.
ओठ कुठं संपतात, गाल कुठं सुरू होतात
मला दिसेना.
सासू कौतुकात: "उजळलीय न्हवं?
लग्नात सावळी हुती."

हात धरला. गार.
वैशाखात, पत्र्याखाली, गार.
दाबला. सोडला.
पांढराच.
नखं मध्ये खोलगट,
साबणाचा थेंब त्यात थांबून राहिला.
मी वाट बघत बसले.
शाळा सुटली होती,
पोरं येत नव्हती.

"काय खावंसं वाटतंय गं?"
"चिंच, दुसरं काय," सासू म्हणाली.
कांचन खाली बघत म्हणाली,
"भिंतीचा पोपडा. न्हाणीतला.
आन् रात्री पाय ठरत न्हाईत."

नवरा फौंड्रीत, भट्टीवर.
त्याच्या शर्टातून लोखंड निघतं रोज,
धुण्याचा दगड तांबूस झालाय, तीच सांगत होती.
त्या घरात लोखंडाला तोटा नाही.
रविवारी मटण तीच शिजवते,
तांबडा बापयांना, पांढरा पाहुण्यांना,
आणि शेवटी बसून
पातेल्याच्या बुडाला भाकरी फिरवते.

नऊ वर्षांमागं अशीच एक आली होती, गंगावेशेतली.
असाच हात.
मी म्हणाले होते, "किती नाजूक गं!"
दोन डझन भरल्या. पैसे मोजून घेतले.
दिवाळीला तिची जाऊ एकटीच आली,
तिच्या मापाच्या काढायला लागले तर
नको म्हणाली.
मी विचारलं नाही.

या खेपेला
माझी खालची पापणी ओढून दाखवली, हे बघ,
आत असं लाल पाहिजे.
मग तिची ओढली.
ताक.
"रक्त तपासून घ्या. आजच. सरकारी दवाखान्यात जा."
सासूचं तोंड फिरलं:
"तुमी बांगड्या भरा, बाई. डाक्टर हाईत तितं."

भरल्या.
एका हातात अकरा.
दुसरा हात परत तिच्या मांडीवर ठेवला.
"कागद आणा रक्ताचा. मग ह्या अकरा फुकट."
असा अर्धा चुडा घेऊन कुणी जात नाही.
सासू बोलली ते इथं सांगत नाही.
गेल्या.

तिसऱ्या दिवशी नवरा आला.
बोटं काळी, म्हणून कागद कोपऱ्यात धरलेला.
"साडेसहा हाय म्हणं. हे कमी असतंय?"
मी म्हणाले, असतंय.
"ठेवून घेतलंय तिला. तुमच्या बांगड्या द्या."
नाही दिल्या. तिलाच आण म्हणाले.
तो खांबापाशी जरा वेळ उभा राहिला,
तिनं धरला होता तिथंच.

अकरा बांगड्या सुतळीत ओवून
खिळ्याला लावल्यात.
वारा आला की वाजतात,
गिऱ्हाईक विचारतं, केवढ्याला?
विकायच्या नाहीत.

आणि हल्ली माझं काम रेंगाळतं.
काच चढून जाते, तरी मी पंजा धरून बसते,
नखाकडं बघत,
एक, दोन,
बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतो,
पोरी हसतात,
"हात सोडा की, मावशी."